शनिवारची चूक

“मॅडमजी, बाबूजींचं पेट कधी साफ झालं होतं?”

द्वारकाबाईंनी हे विचारलं तेव्हा माझ्या हातात झोपेच्या औषधाची सिरिंज भरून तयार होती आणि खोलीतली माणसंही मनाने तयार झाली होती. बुधवारची दुपार, जुन्या इंदूरमधलं शंकररावांचं दोन खोल्यांचं घर, दारात चपलांचा हा ढीग. पलंगावर शंकरराव. वय अठ्ठ्याहत्तर, मिलमध्ये जन्मभर टाइमकीपर, आता पोटात कॅन्सर, आणि दवाखान्याने हात टेकल्यामुळे आमच्या घरभेटींच्या यादीत आलेले. सकाळपासून कण्हत होते, उशीवर डोकं घुसळत होते, उजवा हात सारखा कमरेशी नेऊन धोतर ओढत होते. उशाशी त्यांच्या पत्नी सरलाताई, पायाशी मुलगी ईशा, आणि शेजारच्या काकूंनी गंगाजळाचं भांडं आणि तुळशीचं पान धरलेलं. कुणाच्या तरी मोबाइलवर बारीक आवाजात स्तोत्र चालू होतं. माझं नुकतंच सगळ्यांना सांगून झालं होतं, आणि फार छान सांगितलं होतं, की शेवटी शेवटी माणसाची अशी तगमग होते, ती आजाराचीच असते, आपण त्यांना शांत झोप देऊ या. आवाज कुठे खाली आणायचा, कुठे थांबायचं, सगळं जागच्या जागी. ईशा रडत रडत मान हलवत होती. आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या नर्सने पेट विचारलं. अशा वेळी पेट! असा राग आला म्हणून सांगू. पाहुण्यांसमोर पान वाढून झालंय आणि कुणीतरी मोरी तुंबली का विचारतंय, तसं झालं मला.

मला राग चटकन येतो आणि मी तो लपवत नाही. अठरा वर्षं मी भूलतज्ज्ञ होते. ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जन कितीही आरडाओरडा करोत, पेशंटचा श्वास माझ्या हातात असतो, त्यामुळे शेवटचा शब्द माझा. मी हजारो माणसं झोपवली आणि त्यातली बहुतेक सगळी उठवली. मला माझं काम येतं. हे सांगायला लाजायचं काय? तरी सेहेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडून मी एक वर्षाच्या फेलोशिपला बसले. पॅलिएटिव्ह मेडिसिन. बरं न होणाऱ्या माणसाचं दुखणं कमी करायचं, त्याला शेवटपर्यंत नीट जगू द्यायचं, एवढंच. सासरी कुणाला समजावून सांगता आलं नाही. “म्हणजे मरणारी माणसंच बघणार तू?” म्हटलं, हो, तुम्ही काय अमर आहात का? बरोबरचे तिघेही फेलो माझ्यापेक्षा पंधरा-पंधरा वर्षांनी लहान, आणि आमचे शिक्षक अभिराम सर माझ्याहून चार वर्षांनी. ते मला संहिताजी म्हणतात, मी त्यांना सर म्हणते, आणि दोघांनाही ते जरा अवघड जातं.

या सरांनी एक रीत पाडली आहे. दर शनिवारी सकाळी आठ वाजता आम्ही सगळे, नर्सेससुद्धा, बैठकीच्या खोलीत जमतो. पोहे येतात, वर शेव, जीरावणाचा मसाला. आणि प्रत्येक फेलोने आठवड्यातली आपली एक चूक सांगायची. सांगायची तऱ्हा ठरलेली. पेशंटने काय सांगितलं. मी काय समजले. मी काय केलं. संपलं. कारण सांगायचं नाही. घाई होती, फोन आला, नातेवाइकांनी ऐकलं नाही, काही नाही. कुणी “कारण” म्हणून तोंड उघडलं की सर त्याच्यापुढची पोह्यांची ताटली उचलतात, खरंच उचलतात. “भिया, कारणाने पेशंटचं काय भलं होणार?” अस्सल इंदुरी थाटात म्हणतात. मी पहिल्या आठवड्यापासून तय्यार. मी पेशंटकडे बघण्याऐवजी रिपोर्टकडे बघितलं. मी दोन मिनिटं आधी उठले. एका म्हातारीने देवाचं विचारलं आणि मी विषय बदलला. मुलं वहीत उतरवून घ्यायची. एका शनिवारी सर हसून म्हणाले, “संहिताजी, तुमच्या चुका फार इस्त्री करून आणलेल्या असतात.” मला ते लागलं, पण चारचौघात काय दाखवणार? मी म्हटलं, माझे कपडेही तसेच असतात, सर.

आणि शंकररावांच्या बाबतीत तर चूक होणं शक्यच नव्हतं, कारण आठ दिवसांपूर्वीची पहिली भेट ही माझी आतापर्यंतची सगळ्यांत चांगली भेट होती. मी पलंगाजवळ खुर्ची ओढून बसले. उभं राहून बोलायचं नाही, हे इथे पहिल्या दिवशी शिकवतात. त्यांना विचारलं, तुम्हाला काय काय माहीत आहे? ते म्हणाले, “सगळं माहीत आहे. हिला वाटतं मला माहीत नाही. म्हणून मी गप आहे.” सरलाताई दारातच उभ्या होत्या. पदराचं टोक तोंडात. मग दोघं एकमेकांकडे बघून हसायलाच लागले, आणि सरलाताई हसता हसता रडल्या. मी अजिबात मध्ये बोलले नाही. किती दिवस, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, महिने नाहीत, आठवडे. त्यांनी मिलचा भोंगा ऐकावा तशी मान डोलावली. मग म्हणाले, “एक वचन द्या, डॉक्टरीणबाई. थोडं दुखलं तर दुखू दे. माझं डोकं माझंच राहू द्या. मला बेशुद्ध करून पाठवू नका. हिच्याशी एक भांडण बाकी आहे माझं.” भांडण कसलं, तर लग्नानंतरच्या पहिल्या चतुर्थीला खजरान्याच्या गणपतीला, गर्दीत दोघांची चुकामूक झाली होती, तीन तास. तेव्हा हात कुणी कुणाचा सोडला, हे बावन्न वर्षांत ठरलेलं नव्हतं. मी हसले, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, नाही करणार बेशुद्ध. वचन. भूल देणाऱ्या बाईने दिलेलं वचन होतं ते. खाली उतरून गाडीत बसताना मी स्वतःवर इतकी खूश होते, इतकी, की ड्रायव्हरला गाडी सराफा बाजारावरून घ्यायला सांगितलं आणि सगळ्यांना गरम जिलबी खाऊ घातली. आणि त्या खुशीच्या आधी, अगदी पाचच मिनिटं आधी, मी मॉर्फिनच्या गोळ्यांची चिठ्ठी लिहिली होती. मॉर्फिनने दुखणं थांबतं आणि आतडीही थांबतात. म्हणून ज्या चिठ्ठीवर मॉर्फिन, त्याच चिठ्ठीवर पोट साफ व्हायचं औषध. फेलोशिपच्या पहिल्या आठवड्यातला धडा. फळ्यावर लिहिलेला, अजून पुसलेला नाही. मी ते लिहिलं नव्हतं. काल, मंगळवारी, ईशाचा फोन आला की बाबा फार कण्हत आहेत, तेव्हा मी फोनवरच मॉर्फिन वाढवायला सांगितलं. आणि आज सिरिंज भरली.

“मॅडमजी?” द्वारकाबाई.

“बुधवारपासून नाही,” सरलाताईच म्हणाल्या. “मागच्या बुधवारपासून. खातच नाहीत काही, तर होणार कुठून, असं वाटलं मला.”

“आणि पेशाब?”

“थेंब थेंब होऊन राहिली होती. काल संध्याकाळपासून तेही नाही.”

द्वारकाबाई कुणाला न विचारता पुढे आल्या. गेली वीस वर्षं त्या हेच काम करत आहेत. माझ्यासारखे किती फेलो आले आणि गेले. त्यांनी धोतर सैल केलं, बेंबीखाली डावा हात सपाट ठेवला आणि उजव्या हाताच्या बोटाने, कलिंगड घेताना वाजवून बघतात ना, तसं वाजवलं. भरलेला, बसका आवाज. मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत टोमणा नव्हता, हे मला जास्त लागलं. मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. माणसांना बाहेर काढलं. पुढचा अर्धा तास मी आणि द्वारकाबाईंनी जे केलं ते कुठल्याही धड्यात फार छान दिसत नाही. नळी घातली. बाटलीत सव्वा लिटर लघवी आली, ती येत असतानाच शंकररावांचं डोकं उशीवर स्थिर झालं. मग एनिमा, मग हातमोजे, मग बादली, मग पुन्हा बादली. खोलीला वास सुटला, खिडक्या उघडल्या. सगळं आटपून, धोतर बदलून, तोंड पुसून झालं तेव्हा त्यांनी डोळे उघडले, दारातून डोकावणारी माणसं बघितली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, “एवढी मंडळी कशाला जमली आहेत? कुणाचं लग्न आहे का?”

शेजारच्या काकूंनी गंगाजळाचं भांडं हळूच पदराखाली घेतलं. मी ईशाला आणि सरलाताईंना स्वयंपाकघरात नेलं आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. म्हटलं, ते आत्ता जात नव्हते. मी एक औषध लिहायला विसरले, त्यामुळे हे झालं. चूक माझी आहे. ईशा भडकली, आणि भडकायलाच हवं होतं. “मी त्यांच्या कानात सांगितलं ना, बाबा, तुम्ही निश्चिंत जा! मी जा म्हटलं त्यांना! आणि तुम्ही ते इंजेक्शन देऊन राहिला होता!” मी म्हटलं, हो. देऊन राहिले होते. तेवढ्यात आतून शंकररावांनी चहा मागितला आणि तिला गॅस लावायला वळावं लागलं.

परतताना गाडी पुलाजवळ अडकली. पुढे वरात होती, भरदुपारची, घोडा बिचारा उन्हात उभा. द्वारकाबाई पुढच्या सीटवर पेंगत होत्या. मी खिडकीतून बँडवाल्यांच्या लाल कोटांकडे बघत होते आणि डोक्यात उद्याची यादी करत होते, चिठ्ठी दुरुस्त करायची, मॉर्फिन पूर्वीइतकं, सरांना फोन. आणि त्या यादीच्या मध्येच मला शंकररावांचा उजवा हात दिसला. कमरेशी जाणारा, कापड ओढणारा, पडणारा, पुन्हा जाणारा. हा हात मी पूर्वी बघितला होता. हा हात मला पाठ होता. नानांचा हात.

नाना म्हणजे माझे वडील. सगळे त्यांना नानासाहेब म्हणायचे. पणजोबा होळकरांच्या दफ्तरात होते, त्याचा ताठा नानांच्या मानेत शेवटपर्यंत होता. सहा वर्षांपूर्वी त्यांना न्यूमोनिया झाला आणि मी त्यांना माझ्याच आयसीयूत आणलं. घशात नळी मी घातली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही, माझ्याइतकी सफाई कुणाकडे होती? चार दिवस व्हेंटिलेटर. तिसऱ्या दिवशी ते तळमळायला लागले. बोलता येत नव्हतं, पण ओठ नळीभोवती हलायचे, डोळे माझ्यावर रोखलेले, आणि उजवा हात सारखा कमरेकडे. चादर ओढायचे. मी खूप विचार केला की यांना काय सांगायचंय. मानस, माझा धाकटा भाऊ, तोच म्हणाला, “ताई, किल्ली!” नानांच्या जानव्याला त्यांच्या लोखंडी कपाटाची किल्ली बांधलेली असायची, कमरेशी. आंघोळीला जातानासुद्धा काढायचे नाहीत. आम्हाला एकदम उलगडलं. मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, नाना, किल्ली माझ्याकडे आहे, काळजी करू नका. त्यांनी डोळे मिटून जोरजोरात मान हलवली. मी म्हटलं, बघ, पटलं. तरी हात थांबेना. नळी ओढतील म्हणून मी गॉजच्या पट्टीने त्यांचे दोन्ही हात पलंगाच्या दांड्यांना बांधले आणि झोपेचं औषध वाढवलं. मग ते शांत झाले. दुसऱ्या दिवशी गेले. तेराव्यानंतर आम्ही दोघांनी ते कपाट उघडलं. जुनी पंचांगं, चष्म्याच्या रिकाम्या डब्या, आईची एक नऊवारी, माझी दहावीची मार्कशीट. कागद न् कागद उलटा केला. काही नव्हतं. तरी दर श्राद्धाला पानावर बसलं की कुणीतरी म्हणतंच, नानांना कपाटाचं काहीतरी सांगायचं होतं, राहून गेलं. मी तर त्यावर माझं एक मोठं दुःख बांधून ठेवलं होतं. वडिलांचा शेवटचा शब्द मला ऐकता आला नाही. खरं सांगायचं तर ही फेलोशिपही मी त्यापायीच धरली. ती किल्ली अजून माझ्या स्कूटरच्या किल्लीबरोबर त्याच कडीत आहे.

घोडा दोन पावलं पुढे गेला. बँड थांबला. आणि मला, सहा वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं ते आठवलं. पलक नावाची एक नर्स होती आमच्याकडे, नवीन, घाबरट. ती त्या तिसऱ्या दिवशी माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. “मॅडम, सरांची यूरिन बॅग सकाळपासून कोरडी आहे. एकदा कॅथेटर धुऊन बघू का, तुंबलं असेल?” मी मागे न वळता म्हटलं होतं, “किडन्या गेल्या, पलक. आता काय धुणार?” ती “जी मॅडम” म्हणून गेली. गाडीत बसल्याबसल्या मी नानांचं पोट आठवायचा प्रयत्न केला. बेंबीखालचं. मला त्यांच्या रक्तातला ऑक्सिजन किती होता ते आठवत होतं, नाडी आठवत होती, व्हेंटिलेटरचा प्रत्येक आकडा आठवत होता. पोट आठवेना. मी चादर उचलून बघितलंच नव्हतं. कदाचित किडन्या खरंच गेल्या असतील. कदाचित नसतील. आता कळायला मार्ग नाही, आणि “कदाचित” म्हणून सुटका करून घेण्यातली मी नव्हे. डोळे मिटून मान हलवली होती त्यांनी. ते नाही म्हणत होते. किल्ली नाही गं, किल्ली नाही.

मी रडले का? रडले. चांगली हुंदके देऊन रडले, ड्रायव्हरने आरशातून बघितलं. द्वारकाबाई जाग्या झाल्या, मागे वळल्या, आणि त्यांना वाटलं मी शंकररावांमुळे रडते आहे. “होतं असं, बाईजी,” त्या म्हणाल्या. “टाइमावर कळलं ना? मग बस्स.” मी त्यांना काही सांगितलं नाही. टाइमावर कळलं, हे अर्ध्यापुरतं खरंच होतं.

घरी येऊन चहा घेतला आणि मानसला फोन केला. पलकचं, कोरड्या बॅगचं, सगळं सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे त्यांना फक्त…?” मी म्हटलं, हो. फक्त. “ताई, पण मग त्यांना आपल्याला काहीच सांगायचं नव्हतं का?” त्याचा आवाज लहानपणी पतंग कटल्यावर व्हायचा तसा झाला होता. मी म्हटलं, सांगायचं होतं ते ते सांगत होते, मानस. मला कळलं नाही.

गुरुवारी मी शंकररावांकडे गेले तेव्हा ईशाने दार उघडलं आणि न बोलता खुर्ची पुढे सरकवली. शुक्रवारी चहाही दिला. मी आता आधी बसायची, आणि बसल्याबसल्या पहिलं तेच विचारायची. “पोट?” “झालं.” “लघवी?” “तुमच्या नळीत आहे, बघा ना,” शंकरराव म्हणायचे. “डॉक्टरीणबाई, पहिल्या दिवशी तुम्ही किती गोड बोलत होता. आता मोरीच्या गोष्टी करता.” मी म्हटलं, आता शिकले. दुखणं होतं, पण सोसण्याजोगं. डोकं लख्ख. भांडण जोरात चालू होतं. सरलाताई म्हणत होत्या, “यांनीच सोडला. पुढे चालायची सवय, मागे कोण आहे बघायचं नाही.” शंकरराव म्हणत होते, “हिने सोडला. बांगड्यांच्या दुकानाशी.” शुक्रवारी दुपारी सरलाताई एकदम म्हणाल्या, “बरं बाई, सोडला मी. हिरव्या होत्या बांगड्या. झालं?” शंकरराव तोंड उघडं ठेवून बघत राहिले. बावन्न वर्षं भांडून जिंकलेला माणूस इतका खट्टू झालेला मी बघितला नव्हता. “मग सांगितलं का नाहीस इतकी वर्षं?” “मग तुम्ही भांडला असता कशावरून?” त्यांनी उजवा हात चादरीवरून सरकवत तिच्या मांडीपर्यंत नेला आणि तिथेच ठेवला. ओढायला काही नव्हतं आता, हात नुसता पडून होता. मी चिठ्ठी लिहायच्या निमित्ताने खाली मान घातली. मॉर्फिन लिहिलं. त्याखाली दुसरं औषध लिहिलं. मग दोन्ही पुन्हा वाचलं.

शनिवारी आठ वाजता पोहे आले. तिन्ही मुलांनी आपापल्या चुका सांगितल्या. माझी पाळी आली. अभिराम सरांना बुधवारचं फोनवर सांगून झालं होतं, त्यामुळे ते वाट बघत होते, आणि द्वारकाबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत ताटली मांडीवर घेऊन खाली बघत होत्या.

मी म्हटलं, “पेशंट शंकरराव. त्यांनी हाताने सांगितलं की लघवी अडली आहे. मी समजले की मरण आलं. मी झोपेचं औषध भरलं. दिलं नाही, द्वारकाबाईंमुळे.”

सरांनी मान हलवली. इस्त्रीचं कुणी काही बोललं नाही. ते पुढचं बोलणार तेवढ्यात मी म्हटलं, “सर, अजून एक आहे. या आठवड्यातली नाही. चालेल?”

“सांगा.”

“पेशंट नानासाहेब. वय एकाहत्तर. त्यांनी हाताने सांगितलं की लघवी अडली आहे. मी समजले की त्यांना कपाटाची किल्ली द्यायची आहे. मी त्यांचे हात बांधले, आणि झोपेचं औषध दिलं.”

एका मुलीने वहीत लिहायला पेन उचललं आणि विचारलं, “मॅडम, हे कुठल्या वॉर्डातले?” सरांनी तिला खुणेने थांबवलं. माझ्या वडिलांना नानासाहेब म्हणायचे, हे त्यांना ठाऊक होतं. द्वारकाबाईंनी ताटली खाली ठेवली. खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला कळत होतं की आज कुणीही ताटली उचलणार नाही, मी म्हटलं तर ऐकतील सगळे, तासभरसुद्धा ऐकतील. कारण माझ्यापाशी होतं. मी त्यांची मुलगी होते, आणि मला ते जायला नको होते. पण इथे कारण सांगायचं नसतं. मी माझी ताटली जवळ ओढली आणि गार झालेले पोहे सगळे खाल्ले.